‘एकत्रित’ शिक्षा म्हणजे नेमकी किती वर्षे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात एका खटल्याच्या निकालाची बातमी प्रसिद्ध झाली होती. आरोपीला तीन वेगवेगळ्या कलमांखाली अनुक्रमे सात, पाच आणि तीन वर्षांची सक्तमजुरी झाल्याचे सांगून बातमीचा शेवट असा केला होता : ‘या तिन्ही शिक्षा आरोपीला एकत्रित भोगाव्या लागणार आहेत.’ सकाळी फिरून आल्यावर आम्ही चार-पाच निवृत्त मंडळी सोसायटीच्या कट्ट्यावर बसून वर्तमानपत्र वाचतो. ही बातमी वाचताच एका स्नेह्यांनी मनातल्या मनात बेरीज करून ‘पंधरा वर्षे गेला’ असा निर्वाळा दिला, तर दुसऱ्यांचे ठाम म्हणणे असे की सात वर्षांत सुटेल. दोघेही पदवीधर आहेत, दोघांनाही मराठी उत्तम येते आणि दोघांच्याही अर्थाला त्या वाक्यात पुरेसा आधार आहे. जे वाक्य एका माणसाच्या आयुष्यातील आठ वर्षे वाचकाच्या मर्जीवर सोडते, त्याविषयी लिहिणे मला आवश्यक वाटले. विशेषतः माझी नोकरी न्यायालयात भाषांतरकार म्हणून झालेली असल्यामुळे.

बरोबर उत्तर सात वर्षे हे आहे. अशा निकालपत्रात न्यायाधीशांचा शब्द ‘कन्करंटली’ असा असतो. त्याचा अर्थ असा की तिन्ही शिक्षांची मोजणी एकाच दिवशी सुरू होते, तिन्ही शेजारी-शेजारी चालतात, तिसऱ्या वर्षाअखेर एक संपते, पाचव्या वर्षाअखेर दुसरी संपते आणि सातवे वर्ष सरले की आरोपीच्या डोक्यावर काही उरत नाही. याच्या उलट ‘कन्सेक्युटिव्हली’ असे म्हटले असते, तर एक शिक्षा संपल्यावर दुसरी सुरू झाली असती आणि आमच्या पहिल्या स्नेह्यांची बेरीज खरी ठरली असती. हा फरक कायद्याने फार गंभीरपणे घेतलेला आहे. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१प्रमाणे एकाच खटल्यात अनेक गुन्हे सिद्ध झाले, तर न्यायालयाने वेगळे सांगितल्याशिवाय शिक्षा एकीमागून एकच भोगाव्या लागत. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २५ने ही निवड गुन्ह्यांचे गांभीर्य पाहून न्यायालयानेच करावी असे म्हटले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तर २०१६ साली असा निर्णय दिला की अनेक जन्मठेपा झाल्या तरी त्या एकीमागून एक भोगायला लावता येणार नाहीत, कारण माणसाला आयुष्य एकच असते. मात्र ठरावीक मुदतीची कैद आधी आणि जन्मठेप नंतर, असा क्रम लावता येतो. ज्या एका क्रियाविशेषणासाठी पाच न्यायमूर्तींना एकत्र बसावे लागले, त्याचे मराठी करताना आपण ‘एकत्रित’ लिहून मोकळे होतो, आणि ‘एकत्रित’ या शब्दाचा मराठी माणसाच्या मनातला पहिला अर्थ ‘सगळे मिळून’ असा असतो. एकत्रित उत्पन्न, एकत्रित वीजबिल, एकत्रित कुटुंब यांपैकी काहीही पाहा, सर्वत्र बेरीजच आहे.

दुसऱ्याला बोल लावण्याआधी माझी चूक सांगतो. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी स्वतः एका निकालाच्या अंतिम आदेशाचे भाषांतर करताना ‘एकत्रितपणे’ असेच लिहिले होते, कारण आधीच्या भाषांतरकारांच्या फायलींत तसेच होते. दुसऱ्या दिवशी आरोपीची आई तो कागद घेऊन माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, ‘साहेब, म्हंजी पाच आन् दोन, सात वर्सं का?’ मी तिला व्हरांड्यातल्या बाकावर बसवले, आगपेटीतून दोन काड्या काढल्या, एक तशीच ठेवली, दुसरी अर्धी मोडली आणि दोन्हींची टोके जुळवून शेजारी-शेजारी मांडून दाखवल्या. तिला क्षणात कळले. पण मग तिने जो प्रश्न विचारला, तो मला आजवर कोणत्याही वकिलाने विचारलेला नाही : ‘मंग ही आखूड काडी ठिवलीच कशापायी?’ प्रश्न अगदी रास्त होता. उत्तर असे आहे की अपिलात मोठी शिक्षा रद्द झाली, तरी छोटी शिल्लक राहते. म्हणून प्रत्येक गुन्ह्याची शिक्षा स्वतंत्र सांगावी लागते. आणखी एक बारकावा असा की दंड न भरल्यास भोगायची जी जादा कैद असते, ती या शेजारी-शेजारी चालण्यात धरली जात नाही, ती वेगळीच मोजावी लागते. ‘एकत्रित’ या शब्दाखाली हे सारे झाकले जाते.

इंग्रजीत एकाच वेळी घडणाऱ्या गोष्टींसाठी शब्दांची एक लहानशी वसाहतच आहे आणि तिथला प्रत्येक शब्द वेळेखेरीज आणखी काहीतरी सांगतो. ‘कन्करंट’ हा लॅटिनमधल्या ‘बरोबर धावणे’ अशा अर्थाच्या क्रियापदावरून आला; त्यात वाटचाल आहे, कालावधी आहे. म्हणूनच इंग्रजीत शिक्षा ‘धावतात’ आणि न्यायाधीश तिथे ‘सायमल्टेनियसली’ सहसा लिहीत नाहीत. आपण त्यासाठी ‘समवर्ती’ हा शब्द घडवला आणि तो वाईट नाही, परंतु तो शब्द ऐकताच मराठी वाचकाला राज्यघटनेची सातवी अनुसूची आठवते, आणि तेथील समवर्ती सूचीचा घड्याळाशी काही संबंध नाही. एकाच विषयावर केंद्र आणि राज्य या दोघांनाही कायदा करण्याचा अधिकार आहे, एवढाच तिचा अर्थ. १९७६च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने शिक्षण आणि वने हे विषय राज्य सूचीतून तेथे नेले, तेव्हा कोणतीही दोन कामे एकाच वेळी सुरू झाली नव्हती. सहकारी बँकांतील समवर्ती लेखापरीक्षण ही तिसरीच गोष्ट : वर्ष संपल्यावर वह्या उघडण्याऐवजी व्यवहार होत असतानाच त्यांच्या मागोमाग तपासणी करत राहणे. एकच इंग्रजी शब्द, एकच मराठी प्रतिशब्द आणि अर्थ मात्र तीन. त्यामुळे ‘समवर्ती’ लिहिले की काम झाले, असेही मी म्हणणार नाही. गणिताच्या पुस्तकांनी या बाबतीत अधिक डोळसपणा दाखवला आहे. त्रिकोणाच्या तिन्ही मध्यगा एका बिंदूतून जातात, त्यांना त्यांनी समवर्ती न म्हणता ‘एकसंपाती’ म्हटले आणि त्या बिंदूला ‘मध्यगासंपात’ असे सुरेख नाव दिले.

गणिताचा विषय निघालाच आहे, तर ‘सायमल्टेनियस’ समीकरणांविषयीही एक गमतीची बाब नोंदवतो. पाठ्यपुस्तकातला शब्द ‘एकसामयिक समीकरणे’ असा आहे, परंतु निम्मे विद्यार्थी आणि काही शिक्षकही ‘एकसामायिक’ असे लिहितात. सामयिक म्हणजे समयाशी संबंधित आणि सामायिक म्हणजे सर्वांत मिळून असलेले, जसे सामायिक अंगण किंवा सामायिक विहीर. व्याकरणदृष्ट्या ती चूक असेल. पण या समीकरणांत वेळ कुठेच नसते आणि दोघांचीही अट पुरी करणारी उकल मात्र खरोखर सामायिक असते. चुकून लिहिलेला शब्द मूळ इंग्रजी शब्दापेक्षा अधिक अचूक ठरावा, असे भाग्य भाषांतरात क्वचित लाभते.

हाच ‘सायमल्टेनियस’ सध्या राजकारणाच्या पानावर ‘एकत्रित निवडणुका’ या रूपाने रोज भेटतो. येथे ‘एकत्रित’ चालून जाते, कारण लोकसभा आणि विधानसभा यांचे मतदान खरोखरच एकत्र करायचे आहे. तरी ‘एकाच वेळी’ म्हणजे ‘एकाच दिवशी’ असा समज होऊ देता कामा नये. १९५१-५२, १९५७, १९६२ आणि १९६७ या चारही निवडणुका याच पद्धतीने झाल्या असे आपण म्हणतो, पण त्यांतली पहिली ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ अशी जवळजवळ चार महिने चालली होती. रामनाथ कोविंद यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १४ मार्च २०२४ रोजी दिलेल्या अहवालात लोकसभा-विधानसभांनंतर १०० दिवसांच्या आत स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका घ्याव्यात असे सुचवले आहे. म्हणजे एकाच वेळीपणाची ही कल्पना शंभर दिवस ताणली जाऊ शकते. आपल्या राज्यातील प्रौढ मतदारांना हे नवे नाही. सप्टेंबर १९९९मध्ये आपण एकाच मतदान केंद्रात लोकसभा आणि विधानसभा या दोहोंसाठी मत दिलेले आहे. डिसेंबर २०२४मध्ये लोकसभेत मांडलेल्या १२९व्या घटनादुरुस्ती विधेयकाच्या बातम्यांत मात्र ‘एकाच दिवशी मतदान’ असा उल्लेख मी एकाहून अधिक ठिकाणी वाचला आहे. सात टप्प्यांत मतदान घेणाऱ्या देशात हा शब्दप्रयोग वाचकाची दिशाभूल करतो.

माझ्या व्यवसायातही हा शब्द जसा दिसतो तसा नाही. १९४५ साली सुरू झालेल्या न्यूरेंबर्ग खटल्यात इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि जर्मन या चार भाषांत एकाच वेळी तोंडी भाषांतर करण्याची व्यवस्था केली गेली. वक्ता फार वेगाने बोलू लागला की पिवळा दिवा लागे आणि थांबायचे असेल तेव्हा लाल. त्याला ‘सायमल्टेनियस’ म्हणतात खरे, पण भाषांतरकार वक्त्याच्या काही शब्द मागेच असतो आणि तसा तो असलाच पाहिजे, कारण क्रियापद शेवटी येणाऱ्या जर्मनमध्ये, आणि आपल्या मराठीतही, वाक्य कुठे जाणार हे शेवट ऐकल्याशिवाय कळत नाही.

याउलट ‘सिंक्रोनस’ या ग्रीक वंशाच्या शब्दाला नुसती वेळ पुरत नाही, त्याला लय लागते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू होऊन दक्षिणेकडील वीजजाळे उर्वरित देशाच्या जाळ्याशी जोडले गेले, तेव्हा बातम्यांतून ‘दोन्ही जाळी एकत्र आली’ एवढेच कळत होते. वीज तर त्याआधीही एकीकडून दुसरीकडे पाठवली जात होती. नवे होते ते हे की काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतची जनित्रे आता सेकंदाला ५० आवर्तनांच्या एकाच ठेक्यावर पावले टाकू लागली. यासाठी परिभाषा कोशात जावे लागत नाही. गवयी आणि तबलजी वेगवेगळ्या वाटांनी फिरून एकाच मात्रेवर उतरतात, त्याला आपण शतकानुशतके ‘समेवर येणे’ म्हणत आलो आहोत. सोलापूरच्या उपकेंद्रात त्या रात्री जे घडले, ते समेवर येणेच होते.

‘कोइन्साइड’ या क्रियापदाने तर मराठी बातम्यांत बराच उच्छाद मांडला आहे. त्याचे नाम ‘योगायोग’ या अर्थी परिचित असल्यामुळे क्रियापद दिसले की उपसंपादकांच्या लेखणीतून आपोआप ‘योगायोगाने’ उतरते. एखाद्या कंपनीने आपली नवी मोटार गुढीपाडव्याशी ‘कोइन्साइड’ करून बाजारात आणली, तर त्यात योगायोग कसला? तो पाडव्याचा मुहूर्त साधलेला असतो. ‘मुहूर्त साधून’, ‘औचित्य साधून’, ‘निमित्त करून’ हे हेतू सांगणारे शब्दप्रयोग आपल्याजवळ असताना जाणूनबुजून केलेल्या गोष्टीला योगायोग म्हणणे म्हणजे जाहिरातदाराला फुकट निरागसता बहाल करणे होय. आणि जो खरा योगायोग वाटतो, तोही कधी कधी दिनदर्शिकेचा खेळ असतो. गॅलिलिओ गेला त्याच वर्षी, १६४२मध्ये, न्यूटन जन्माला आला, असे आम्हाला शाळेत मोठ्या कौतुकाने सांगत. गॅलिलिओचा मृत्यू ८ जानेवारी १६४२चा, तो इटलीतील सुधारित ग्रेगोरियन दिनदर्शिकेनुसार. न्यूटनचा जन्म २५ डिसेंबर १६४२चा, तो इंग्लंडमध्ये तेव्हा चालू असलेल्या जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेनुसार. दोघांना एकाच मापाने मोजले, तर न्यूटनचा जन्म ४ जानेवारी १६४३ला येतो आणि ते ‘एकच वर्ष’ हातातून निसटते.

‘कन्टेम्पोरेनियस’ आणि ‘कन्टेम्पररी’ ही सख्खी भावंडे असली, तरी त्यांचे स्वभाव वेगळे आहेत. पहिले न्यायालयात वावरते. पुराव्याच्या कायद्यात, म्हणजे १८७२च्या अधिनियमाच्या कलम ६मध्ये आणि आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ४मध्ये, मारहाण चालू असताना किंवा तिच्या अगदी थोडे आधी वा नंतर बघ्यांच्या तोंडून जे निघाले, तेही त्याच घटनेचा भाग म्हणून ग्राह्य धरले आहे. म्हणजे येथे ‘त्याच वेळी’ला थोडे मागे-पुढे सरकण्याची मुभा आहे, पण ती घटनेचा धागा तुटेपर्यंतच. घटनास्थळी तिथल्या तिथे केलेला पंचनामा आणि चार दिवसांनी ठाण्यात बसून लिहिलेला पंचनामा यांत जे अंतर आहे, ते हा शब्द मोजतो. दुसऱ्या भावंडाने मात्र इंग्रजीतच घोळ घातला आहे : ‘कन्टेम्पररी’ म्हणजे त्या काळचा आणि ‘कन्टेम्पररी’ म्हणजे आजचाही. आपला ‘समकालीन’ हा शब्द मुळात असा दुतोंडी नव्हता. ज्ञानेश्वर आणि नामदेव समकालीन होते, असे म्हटले की कोण कोणाचा समकालीन हे वाक्यातच सांगितलेले असते. ‘समकालीन चित्रकला’ असे नुसतेच म्हणू लागलो, तेव्हा इंग्रजीचा घोळ आपण जसाच्या तसा घरी आणला. तिथे ‘आजची’ हा तीन अक्षरी शब्द पुरेसा होता.

‘दरम्यान’विषयी एक वाक्य लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. इंग्रजी बातमीदारांच्या ‘मीनव्हाइल’चे हे भाषांतर आता एकाच वेळी घडण्याशी किंवा मधल्या काळाशी काहीही संबंध न ठेवता केवळ नवा परिच्छेद सुरू झाल्याची घंटा म्हणून वापरले जाते, आणि ‘दरम्यान, मृताच्या पश्चात पत्नी व दोन मुले असा परिवार आहे’ असे वाक्य मी या महिन्यात दोनदा वाचले आहे.

काही वाचक म्हणतील की एवढी उठाठेव करण्यापेक्षा इंग्रजी शब्दच देवनागरीत लिहावेत. बँकेत ‘कन्करंट ऑडिट’ असे सगळे म्हणतातच आणि त्याला माझी हरकत नाही. तिथे बोलणारा आणि ऐकणारा दोघेही जाणकार असतात. निकालाची बातमी मात्र ज्याच्या घरातला माणूस तुरुंगात गेला आहे, तोही वाचतो आणि ज्याच्या घरातला माणूस त्या गुन्ह्यात बळी पडला आहे, तोही वाचतो. नवा शब्द घडवायलाही माझा विरोध नाही. करोनाच्या साथीत ‘सहव्याधी’ हा शब्द काही आठवड्यांत घरोघरी पोहोचला, कारण एका आजारासोबत असलेला दुसरा आजार हे त्यात उघड दिसत होते. शिक्षेच्या बाबतीत तर नवा शब्द लागतच नाही. ‘शिक्षा एकाच वेळी चालतील’ आणि ‘शिक्षा एकीमागून एक भोगाव्या लागतील’ ही दोन्ही वाक्ये माझ्या टेबलाशी आलेल्या त्या माउलीलाही काड्यांवाचून समजली असती.

म्हणून आपणास एकच विनंती आहे. न्यायालयीन बातम्यांत ‘एकत्रित’ हा शब्द वर्ज्य करावा आणि त्या वाक्यापुढे आरोपीला प्रत्यक्षात जास्तीत जास्त किती वर्षे तुरुंगात राहावे लागेल तो आकडा, आणि दंड न भरल्यास त्यात किती महिन्यांची भर पडेल तो दुसरा आकडा, असे दोन आकडे छापावेत. गेल्या आठवड्याच्या बातमीपुरता पहिला आकडा सात आहे. दंडाची रक्कम बातमीत दिलेली होती, पण ती न भरल्यास किती कैद हे दिलेले नसल्याने, तेवढा खुलासा आपल्या बातमीदाराकडून घेऊन प्रसिद्ध करावा. आमच्या कट्ट्यावरील वाद त्या आकड्यापाशी अडून राहिलेला आहे.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन भाषांतरकार, सातारा